तळ्याची राखण

२८ जून

दादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू आधी वहिनीला फोन लावशील, "तिकडे कोणी गेलं का?" म्हणून. कोणी गेलेलं नाही. सगळे जागच्या जागी आहेत. तुझे दाजी समोर पायरीवर बसून जाळं विणतायत आणि मी काय लिहिते म्हणून तीनदा विचारून झालंय. मी सांगितलं, वाण्याकडची यादी. "एवढी लांब? लग्न काढलंयस का कुणाचं?" म्हणाले.

चार वर्षांनी लिहिते आहे. फोन करता आला असता, पण आपली दोघांची तोंडं तुला माहीत आहेत. पहिल्या वाक्याला भांडण आणि दुसऱ्याला फोन बंद. पत्र फाडता येतं, पण फाडण्याआधी माणूस ते वाचतोच.

वहिनीनं सांगितलं असेल, मच्छीमार सोसायटीनं तळ्याची राखण माझ्याकडे दिली आहे. दोन वर्षं झाली. अध्यक्ष भर सभेत म्हणाले, "चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक." सगळे हसले. मीही हसले. काय करणार, खोटं कुठे होतं? मासेमारी बंदीच्या दिवसांत बारीक जाळं टाकताना सापडले होते मी. आणि पकडणारा सोसायटीचा सचिव, म्हणजे माझा सख्खा भाऊ.

पण लिहायला बसले ते कारण वेगळं आहे. गेल्या आठवड्यात चौथीच्या बाई घरी आल्या. त्यांच्या पुस्तकात "नैसर्गिक साधनसंपत्ती" असा धडा आहे. म्हणाल्या, "मावशी, मुलांना व्याख्या पाठ आहे, पण तळं शाळेच्या खिडकीतून दिसतं हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. तुम्ही या." मी म्हटलं, मला काय येतं शिकवायला? त्या म्हणाल्या, तुम्ही नुसत्या बसा.

बसले. बाईंनी शिवणाच्या डब्यातली चाळीस बटणं एका परातीत ओतली. परात म्हणजे तळं, बटणं म्हणजे मासे. भोवती एकेका गटाची मुलं. शिट्टी वाजली की हवी तेवढी बटणं घ्यायची, आणि उरतील तेवढी बाई दुप्पट करणार, कारण माशांना पिल्लं होतात. फक्त चाळिसाच्या वर नाही, तळ्यात त्याहून जास्त मावत नाहीत. शिट्टी वाजली आणि दादा, एका श्वासात परात चाटूनपुसून साफ. बाई म्हणाल्या, "करू दुप्पट? शून्याची दुप्पट किती?" एक दात पडलेला मुलगा म्हणाला, "बाई, शून्याला पिल्लं होत नाहीत." मी पन्नाशीला आले, सोसायटीत इतकी भाषणं ऐकली, पण इतकं सरळ कुणी बोललं नव्हतं.

मग मुलांनीच नियम केला. पटावर गटात दहा जण, प्रत्येकानं दोन घ्यायची. वीस गेली की वीस उरणार, दुप्पट केली की पुन्हा चाळीस. असं कितीही वेळ चालतं. मुलं खूश. आणि तिसऱ्या फेरीला एका मुलीनं चार उचलली.

"चोर! चोर!" सगळा वर्ग ओरडला. मीही उठले होते, माझी राखणीची सवय. पण बाईंनी हात वर करून तिला विचारलं, "चार का घेतलीस?" ती मुलगी मान खाली घालून म्हणाली, "माझ्या शेजारची आजारी आहे, आली नाही. तिची दोन कोण घेणार?"

बाईंनी मोजली. परातीत बरोबर वीस होती. तळ्याचं काहीच गेलं नव्हतं.

दादा, तुला एवढंच विचारायचं आहे. त्या दिवशी माझं जाळं उचलताना तू मला "का" म्हणून का विचारलं नाहीस? चार वर्षांत एकदाही येऊन विचारलं नाहीस.

उत्तर दे किंवा नको देऊस.

तुझी बहीण


१० जुलै

दादा,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, तरी पोस्टमन दिसला की मी उगाच अंगण झाडायला काढते.

मागच्या पत्रात मी त्या मुलीशी माझी बरोबरी केली, ते मला आतून टोचत राहिलं. तिनं मैत्रिणीच्या वाट्याचं घेतलं. मी तळ्याच्या वाट्याचं घेतलं. बोटभर पिल्लं, ज्यांचे पुढच्या वर्षी हातभर मासे झाले असते, ती मी टोपलीनं उपसली. आठ दिवस. तू एकदाच पकडलंस, पण ते आठ दिवस होते. हे तुला आजच कळतं आहे.

आता दुसरं सांगते. मी गावभर सांगितलं होतं की दाजींची पाठ धरली आहे, म्हणून ते होडीवर येत नाहीत. पाठ नव्हती. क्षय होता. दवाखान्यात सांगितलं, सहा महिने गोळ्या, एक दिवसही चुकवायची नाही, आणि खाणंपिणं नीट. गोळ्या फुकट होत्या, खाणंपिणं नव्हतं. आणि हे बोलायचं कुणाजवळ? ज्या घरात खोकणारा माणूस आहे त्या घरातल्या बाईच्या हातचा मासा कोण घेणार? बाजारात माझ्या टोपलीपासून लोक चार हात लांबून गेले असते. तळं बंद, दुसरं काम नाही, आणि तोंड उघडायची सोय नाही.

तुलाही सांगितलं नाही, कारण तू सचिव. तुला सांगणं म्हणजे सोसायटीला सांगणं, असं मला वाटलं. दाजींनीही शपथ घातली होती.

मग तू आलास. काठावर वीस माणसं, तुझ्या हातात माझं जाळं. ते सगळ्यांना दिसेल असं उंच धरलंस आणि म्हणालास, "नियम सगळ्यांना सारखा." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. वर्षभर सभासदत्व बंद. त्या वर्षी मी विटा वाहिल्या, दादा.

दाजी आता बरे आहेत. दोन वेळा तपासलं, काही नाही. चालताना दम लागतो, बोलताना अजिबात लागत नाही.

पहिल्या तारखेपासून बंदी सुरू झाली. तळं अगदी गप्प आहे. सकाळी लव्हाळ्याच्या कडेला पाणी नुसतं बुडबुडतं, पिल्लंच पिल्लं. तू तिकडे मत्स्यबीजकेंद्रात हौदातली पिल्लं बघतोस, तरी ही बघितलीस तर खुळावशील.


२४ जुलै

दादा,

हे पत्र तू बहिणीचं म्हणून वाचू नकोस, राखणदाराचं म्हणून वाच. नाहीतर दोन्ही म्हणून वाच, मला तरी कुठे वेगळं करता येतंय.

काल सकाळी सातच्या फेरीला उत्तरेच्या कडेला लव्हाळी हलताना दिसली. वारा नव्हता. मी होडी तशीच वल्ही न मारता सोडली. आत एक माणूस कमरेइतक्या पाण्यात वाकून जाळं ओढत होता. जाळं इतकं बारीक की त्यातून बोट जाणार नाही. पाठीवरूनच ओळखलं. एवढी रुंद पाठ या काठाला एकाचीच आहे.

तुझा लेक, आपला बारक्या. दारातून वाकून यावं लागतं अशा पुरुषाला अजून बारक्या म्हणतो आपण.

"आत्या!" म्हणाला, आणि लहानपणी फुटकी बशी पाठीमागे लपवायचा तसं जाळं पाठीमागे धरलं. सहा फुटी माणूस आणि पाठीमागून पाणी गळतंय.

मला आधी काय वाटलं, खरं सांगू? बरं वाटलं. वाटलं, आता मी विचारणार. दादानं मला विचारलं नाही, पण मी याला विचारणार, हा काहीतरी सांगेल, मी त्याला पोटाशी धरीन आणि हिशेब मिटेल.

"का रे केलंस? घरी काही झालंय का? आई बरी आहे ना?"

"आई ठणठणीत आहे."

"बायको?"

"तीही बरी आहे. काही झालेलं नाही, आत्या."

"मग?"

"मग काय! तळं जाणार आहे. यंदा करार संपतो, ठेकेदाराला देणार आहेत. सगळे म्हणतात. आपण तीन महिने उपाशी बसून पिल्लं राखायची, आणि तो येऊन एका जाळ्यात सगळं भरून नेणार. त्यापेक्षा आपल्याच पोटात गेलेली काय वाईट?"

आजारपण नाही, अडचण नाही. नुसता उद्यावरचा विश्वास उडालेला. आणि त्याचं म्हणणं मूर्खपणाचं नव्हतं, हेच सगळ्यात वाईट.

त्याला होडीत घातलं, जाळ्यातली जिवंत होती ती पिल्लं परत सोडली, आणि ओल्या कपड्यांनिशी तसंच त्याला सरकारी कार्यालयात घेऊन गेले. कारकुनासमोर उभा केला. म्हटलं, "साहेब, तळं जाणार का? याला सांगा." कारकून त्याच्या ओल्या पँटकडे बघत म्हणाला, "अजून ठरलेलं नाही. डिसेंबरात आम्ही येऊन नमुन्याची जाळी टाकणार. मासा भरपूर निघाला तर सोसायटीचाच करार पुढे चालू. मासा नसेल तर मग ठेक्यासाठी बोली."

बाहेर आलो. मी म्हटलं, "कळलं का? तळं जाणार म्हणून तू ओरबाडतोस, आणि ओरबाडलंस म्हणून ते जाणार." त्यानं वाकून पँटचे पाय पिळले. मग म्हणाला, "मी एकटा नव्हतो करणार. बाकीचेही ठरवत होते. मी पहिला."

जाळं माझ्याकडे आहे. रविवारी सभा आहे. मी त्याला सांगितलंय, तू स्वतः उठून सांग, नाहीतर मी सांगेन.

वहिनी संध्याकाळी आली. उंबऱ्याच्या आत आलीच नाही. म्हणाली, "तुझ्यावर आलं तेव्हा मी दोन दिवस जेवले नव्हते. आणि आता तू माझ्या मुलावर सूड उगवतेस?"

दादा, सूड आहे का हा? मी काल सकाळपासून स्वतःला तेच विचारते आहे. थोडा असेलही. जाळं हातात आलं तेव्हा पोटात कुठेतरी गार वाटलं होतं, ते मी नाकारत नाही. पण त्याला सोडलं तर दुसऱ्याला कोणत्या तोंडानं पकडू? उद्या दहा जण लव्हाळ्यात उतरतील.

रविवारच्या आत तू फोन केलास आणि म्हणालास की सोड, तर मी सोडणार नाही. पण तू फोन करावास असं वाटतं.


२ ऑगस्ट

दादा,

फोन आला नाही. तू वहिनीला केलास हे मला कळलं. "तिला तिचं काम करू दे," एवढंच म्हणालास म्हणे. वहिनीनं ते वाक्य माझ्यापुढे असं टाकलं, जसं मांजर उंदीर टाकतं.

सभा झाली. बारक्या स्वतः उठला. छप्पर त्याच्या डोक्याला लागतं की काय असं वाटलं. सगळं सांगितलं, कार्यालयातलंही, डिसेंबरातल्या नमुन्याचंही. ते ऐकून मागच्या बाकावरच्या तिघाचौघांची तोंडं उतरली. मी नावं लक्षात ठेवली आहेत, पण लिहीत नाही.

अध्यक्ष म्हणाले, आधीच्या प्रकरणासारखंच, वर्षभर सभासदत्व बंद. आधीचं प्रकरण म्हणजे मी. कुणीतरी कुजबुजलं, "आत्यानं उट्टं काढलं." मग मला जाळं सगळ्यांसमोर टेबलावर ठेवायचं होतं. उचललं, दादा, आणि हात थरथरायला लागला. थांबेना. दुसऱ्या हातानं धरला तर तोही.

आणि मला आठवलं, त्या दिवशी तुझाही हात थरथरत होता. मी चार वर्षं समजत होते, रागानं.

खाली बसले नाही मग. म्हटलं, शिक्षा बरोबर आहे, पण नियम अर्धा आहे. त्यांना त्या वर्गातलं सांगितलं, बटणं, परात, आजारी मैत्रिणीची दोन. म्हटलं, चौथीच्या मुलांच्या लक्षात आलं ते आपल्या का आलं नाही? बंदीत सोसायटीचं काम असतंच, कालव्याच्या तोंडावरची जाळी साफ करणं, पिल्लांच्या हौदाला खाणं घालणं. आज ते अध्यक्षांच्या मेहुण्याला आणि पुतण्याला मिळतं. (इथे हशा झाला, अध्यक्ष सोडून.) ते काम आधी ज्याच्या घरी आजारपण, अडचण आहे त्याला द्या. ज्याचं सभासदत्व बंद केलंय त्यालाही द्या. उपाशी माणूस पिल्लं राखणार नाही, ती खाणारच.

एक जण म्हणाला, "कोणाच्या घरी एवढी अडचण असते? सगळी निमित्तं."

मी दाजींकडे बघितलं. सभेला येण्याआधीच त्यांना विचारलं होतं. म्हणाले होते, "सांग. फुफ्फुसं माझी आहेत, लाज तुला कशाला?" मी सांगितलं. क्षय होता, सहा महिने, मी सगळ्यांशी खोटं बोलले, आणि त्याच दिवसांत तुम्हाला मासाही विकला.

माझ्या शेजारची बाई नकळत जरा सरकली. मला वाटलं, संपलं, उद्यापासून टोपली डोक्यावरून उतरणार नाही. मग बर्फवाला म्हातारा उभा राहिला, तुला माहीतच आहे तो, वर्षाला दोन वाक्यं बोलतो. म्हणाला, "माझ्या बापाला होता. आम्हीही लपवला." आणि बसला. मग शेजारची बाई परत सरकली, माझ्याकडे.

ठराव झाला. अकरा विरुद्ध सात. सातांत वहिनी नव्हती, अकरांत होती.

बारक्या आता हौदावर पिल्लांना खाणं घालतो. पहिल्या दिवशी इतकं घातलं की पाणी पिठलं झालं. शिकेल.

आणि एक राहिलं. पहिल्या पत्रात मी लिहिलं की तू चार वर्षांत एकदाही आला नाहीस. तू दोनदा आला होतास. एकदा त्याच आठवड्यात, एकदा बीजकेंद्रात निघायच्या आदल्या दिवशी. मी आत होते. कडी मी घातली होती. तू पायरीवर बसून राहिलास तेवढा वेळ मी कडीला हात लावून उभी होते. तुझ्या चपलांचा आवाज गेल्यावर खाली बसले. दाजी म्हणाले, "उघड की." मी नाही उघडली.


१६ सप्टेंबर

दादा,

तुझं पत्र आलं. एवढंसं. पोस्टमन म्हणाला, "ताई, आत काही आहे की नुसतंच पाकीट?"

मी ते इतक्यांदा वाचलंय की घडीवर फाटत आलंय. तू लिहिलंस, "दवाखान्यातल्या क्षयाच्या खोलीपुढच्या रांगेत मी दाजींना पाहिलं होतं. खांबाआड उभा राहिलो. मी 'का' विचारलं नाही, कारण मला उत्तर ठाऊक होतं. सगळ्यांसमोर विचारलं असतं तर तुला एकतर खोटं बोलावं लागलं असतं किंवा खरं. खरं बोलली असतीस तर तुझा मासा कोणी हातात धरला नसता. आणि विचारून मला ते जाळं उचलवलं नसतं."

मी पायरीवर बसून ते दाजींना मोठ्यानं वाचून दाखवलं. ते शांतपणे गाठ मारत होते. ऐकून झाल्यावर म्हणाले, "तरीच. मी म्हटलं, या दवाखान्याच्या खांबाला चपला कुठून आल्या."

"म्हणजे? तुम्ही पाहिलं होतं त्याला?"

"पाहिलं ना. तो लपत होता, मग मीही तिकडे बघितलं नाही. बिचाऱ्याला वाईट वाटलं असतं."

दादा, म्हणजे चार वर्षं तिघांनाही क्षयाचं ठाऊक होतं! तू मला सांगत नव्हतास माझ्या टोपलीसाठी, दाजी मला सांगत नव्हते तुझ्यासाठी, आणि मी कुणालाच सांगत नव्हते, कशासाठी ते आता मलाच कळत नाही. एक जण जरी तोंड उघडता तरी मला विटा वाहाव्या लागल्या नसत्या, असं आधी वाटलं. मग वाटलं, वाहाव्या लागल्याच असत्या. पिल्लं मी उपसली होतीच. पण त्या विटा वाहून घरी आल्यावर कुणाला तरी सांगता आलं असतं की खांदा दुखतोय.

चौथीच्या बाई काल भेटल्या. मुलांनी आता नियमात स्वतःच भर घातली आहे. फेरीच्या आधी एक जण हजेरी घेतो, कोण आलं नाही आणि का. मगच शिट्टी.

मी दाजींवर रागावले आहे आणि तुझ्यावरही. दाजी हाताशी आहेत, त्यांच्यावरचा रोज थोडा थोडा निघतो. तुझ्यावरचा पत्रातून निघत नाही, मी बघितलं करून. चार ओळी रागाच्या लिहिल्या की पाचवीत तू जेवतोस का वेळेवर, असं येतं.

पहिल्या तारखेला तळं उघडतंय. पहिलं जाळं मी टाकणार आहे, सभेनं ठरवलंय, आणि होडीत वल्ह्याला माणूस लागेल. दाजींना दम लागतो. बारक्याला वर्षभर होडीत पाऊल टाकायची मनाई आहे, आणि ती मोडली तर मीच त्याला पकडीन.

तेव्हा आदल्या दिवशीच ये. जे काय ओरडायचं ते मी मधल्या पाण्यात गेल्यावर ओरडेन. तिथून तुला उठून जाता येणार नाही.

तुझी बहीण